पडद्यावरचे नऊ चौकोन

व्यापारी घराण्यांत स्मरणशक्तीची कसोटी पूर्वी दुकानातच लागत असे. गिऱ्हाइकाने रंग सांगावा आणि गादीवरच्या वडिलांनी जागेवरून न उठता पोऱ्याला तिसऱ्या फळीवरचा, खालून दुसरा तागा काढायला सांगावा, यात कोणालाच नवल वाटत नसे. गोदामातला दिवा गेला तरी गुळाच्या ढेपी कोठे आणि साबणाची खोकी कोठे, हे जुन्या हमालाच्या पायांना ठाऊक असे. ही स्मृती शब्दांची नसते. ती जागेची, आकाराची आणि क्रमाची असते. तिचा एक अंश आता संगणकाच्या पडद्यावर मोजला जातो. पडद्यावर नऊ चौकोन विखुरलेले दिसतात. त्यांतील काही एकामागून एक उजळतात आणि विझतात. ज्या क्रमाने ते उजळले त्याच क्रमाने त्यांना बोटाने स्पर्श करायचा. आधी दोन, मग तीन, मग चार. जेथे क्रम वारंवार चुकू लागतो तेथे चाचणी थांबते आणि एक आकडा हाती पडतो. सगळे मिळून पाच-दहा मिनिटांचे काम.

हा आकडा हल्ली घराच्या दोन टोकांना येऊन पोहोचला आहे. एका टोकाला चष्मा आणि किल्ली कोठे ठेवली हे विसरू लागलेले आजोबा असतात. दुसऱ्या टोकाला प्राथमिक शाळेतील नातू असतो आणि त्याची ‘बौद्धिक क्षमता’ मोजून द्यायला एखादा खासगी वर्ग उत्सुक असतो. आजोबांच्या बाबतीत त्या आकड्यावरून तिजोरीची किल्ली आणि धनादेशावरची सही यांचा निर्णय होऊ पाहतो. नातवाच्या बाबतीत दोन-तीन वर्षांच्या शुल्काचा. तेव्हा तो आकडा नेमका कशाचा आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

चाचणीचे मूळ कॅनडातील माँट्रियल शहरात, मॅक्‌गिल विद्यापीठात आहे. अपस्माराच्या रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांच्या स्मृतीत काय फरक पडतो, याचा अभ्यास तेथे ब्रेंडा मिल्नर या विदुषी करीत होत्या. त्यांनी अभ्यासलेला एक रुग्ण तर जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत जाऊन बसला. त्याचे नाव हेन्री मोलेसन. परंतु २००८ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत अभ्यासकांनी ते जाहीर केले नाही आणि ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच तो ओळखला गेला. १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, अपस्माराचे झटके आटोक्यात यावेत म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, हिप्पोकॅम्पस नावाची रचना ज्यात येते तो भाग काढण्यात आला. झटके कमी झाले. पण त्यानंतर ओळख झालेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, की तो त्याला नव्यानेच भेटल्यासारखा असे. आश्चर्य असे की, नुकतेच ऐकलेले आकडे लगोलग म्हणून दाखवण्यात त्याला काही अडचण येत नसे. एकदा ५८४ ही संख्या मनातल्या मनात घोळवत त्याने ती सुमारे पंधरा मिनिटे धरून ठेवली. लक्ष दुसरीकडे गेले आणि संख्या गेली. आपल्याला कोणी संख्या सांगितली होती, हेही गेले.

आकडे शब्दांनी धरून ठेवता येतात. जागा धरून ठेवण्याची शक्ती वेगळी मोजायची तर शब्दांना वाव नसलेली कसोटी हवी. मिल्नर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या फिलिप कॉर्सी या विद्यार्थ्याने ती तयार केली आणि १९७२ च्या आपल्या प्रबंधात मांडली. एका फळीवर नऊ सारखे लाकडी ठोकळे, ओळीत नव्हे तर मुद्दाम विखरून बसवलेले. परीक्षकाच्या बाजूने प्रत्येक ठोकळ्यावर क्रमांक लिहिलेला. समोर बसलेल्याला मात्र कोरे लाकूड दिसायचे. परीक्षकाने सेकंदाला एक या गतीने काही ठोकळ्यांवर बोट टेकवायचे आणि समोरच्याने त्याच क्रमाने तसेच करून दाखवायचे. पडद्यावरचे नऊ चौकोन हे या ठोकळ्यांचेच वंशज होत. बहुतेक निरोगी प्रौढांना पाच किंवा सहा ठोकळ्यांचा क्रम धरता येतो. ऐकलेल्या आकड्यांच्या बाबतीत हाच आवाका सहा-सातपर्यंत जातो.

कॉर्सीचे काम एवढ्यावर थांबले असते तर ती एक साधी मोजपट्टी ठरली असती. त्याने पुढे एक युक्ती केली. रुग्णाच्या आवाक्यापेक्षा एकाने लांब असे क्रम तो देत गेला आणि दर तिसऱ्या वेळी, काही न सांगता, तोच एक क्रम पुन्हा देत राहिला. सामान्य माणूस अशा पुनरावृत्तीतून तो क्रम हळूहळू शिकतो. ज्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला गेला होता, त्यांना तो शिकता आला नाही. तत्काळ करून दाखवण्याचा त्यांचा आवाका मात्र इतरांसारखाच होता.

हा भेद पेढीवरच्या माणसाला चटकन उमगेल. दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपले जातात आणि नंतर त्यांची खतावणी होते. कच्ची वही नीट चालू असेल आणि खतावणी मात्र होतच नसेल, तर संध्याकाळपर्यंत काहीच बिघडलेले दिसणार नाही; महिन्याअखेरीस कोणाकडे किती येणे आहे हे सांगता येणार नाही. नऊ चौकोनांची चाचणी कच्ची वही तपासते. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत घरच्यांना ज्याची भीती असते ते दुखणे, म्हणजे सकाळचे बोलणे दुपारी आठवत नाही, सांगितलेला निरोप पोहोचतच नाही, हे बहुधा खतावणीचे असते. चौकोनांचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होणे आणि एकाने कमी आला म्हणून घाबरून जाणे, या दोन्ही गोष्टी म्हणूनच घाईच्या होत.

लाकडी फळीची जागा पडद्याने घेतल्यावर काही गोष्टी निःसंशय सुधारल्या. परीक्षकाचे बोट कधी घाईने तर कधी रेंगाळत चालते. यंत्राची गती सर्वांसाठी एकच राहते. प्रत्येक स्पर्शाला किती वेळ लागला, हे यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवते, आणि बरोबर उत्तरासाठी लागणारा वेळ वाढत जाणे ही उत्तर चुकण्याच्या आधीची खूण असू शकते. शिवाय यंत्राला भीड नसते. ‘बरोबरच होते, जरा बोट घसरले’ असे म्हणून गुण देणारा परीक्षक फळीच्या काळात असू शकत होता.

काही गोष्टी गमावल्याही. फळीवर परीक्षकाचा हात एका ठोकळ्यावरून दुसऱ्याकडे जाताना दिसतो आणि पाहणारा त्या हाताची वाट लक्षात ठेवतो. पडद्यावर चौकोन नुसता रंग बदलतो. हात नाही, वाट नाही. त्यामुळे फळीवरून ठरलेली सर्वसाधारण पातळी पडद्यावरच्या चाचणीला जशीच्या तशी लावता येत नाही. आणि समोर माणूस नसेल तर आजोबांनी वाचायचा चष्मा लावलेला नाही, सूचना इंग्रजीत असल्याने त्यांना कळलेली नाही, किंवा पडद्यावर बोट किती दाबायचे याचीच त्यांना धास्ती आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार? घरी मोबाइलवर घेतलेल्या चाचणीत निम्मा दोष बहुधा याच खात्यावर पडतो. लहान पडदा, खिडकीतून येणारा उजेड, शेजारी उभा राहून ‘अहो, तो वरचा’ असे कुजबुजणारा नातू, यांची नोंद यंत्र ठेवत नाही.

आकड्याच्या खरखरीतपणाकडेही पाहिले पाहिजे. ज्या मापात बहुतेक माणसे पाच किंवा सहावर येऊन थांबतात, त्यात एका पायरीचा फरक एका चुकलेल्या बोटानेही पडतो. लाकडाच्या वखारीतला काटा आणून त्यावर सोने तोलण्यासारखा हा प्रकार आहे. नेदरलँड्समधील रॉय केसेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली यावर एक सोपा उपाय सुचवला. प्रत्येक लांबीचे दोन क्रम द्यायचे, दोन्ही चुकले की थांबायचे, आणि शेवटी गाठलेल्या लांबीला एकूण बरोबर आलेल्या क्रमांच्या संख्येने गुणायचे. एकाने दोनपासून पाचपर्यंतचे आठही क्रम बरोबर दिले आणि सहावर दोन्ही चुकवले, तर पाच गुणिले आठ म्हणजे ४०. दुसऱ्याने पाचच्या लांबीवर एकच क्रम साधला, तर पाच गुणिले सात म्हणजे ३५. आवाका दोघांचाही पाचच. पण हिशेब आता थोडा बारीक झाला. अहवालात ‘आवाका’ आणि ‘एकूण गुण’ असे दोन आकडे दिसतात ते यामुळे. एका अहवालातला आवाका आणि दुसऱ्यातले एकूण गुण शेजारी ठेवून घाबरलेली माणसे असतात, म्हणून हा तपशील.

दृश्यस्मृती आणि स्थानस्मृती हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. अभ्यासकांनी त्यांची फारकत केलेली आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये असे मांडले की, तात्पुरते धरून ठेवण्याची जागा मनात एकच नाही. शब्दांसाठी एक आणि चित्र व जागांसाठी दुसरी आहे. पुढे या दुसऱ्या जागेतही दोन खण असल्याचे दिसू लागले. सर्जिओ डेला साला आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक वेगळी चाचणी तयार केली. चौकटींच्या जाळ्यातल्या निम्म्या चौकटी काळ्या केलेल्या असतात. ते जाळे तीन सेकंद दाखवतात आणि मग कोऱ्या जाळ्यात काळ्या चौकटी भरायला सांगतात. येथे क्रम नाही, सगळे एकदम दिसते. काही रुग्णांना हे जमत नाही पण ठोकळ्यांचा क्रम जमतो. काहींचे याच्या अगदी उलट. पातळावरची नक्षी ओळखणे आणि बोळातून वळणे घेत दुकान गाठणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. अमेरिकेतील स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ साली आणखी एक पद्धत वापरली. रंगीत चौकोन सेकंदाचा दहावा भाग दाखवायचे, थोडा वेळ पडदा कोरा ठेवायचा, पुन्हा चौकोन दाखवायचे आणि एखाद्याचा रंग बदलला आहे का, एवढेच विचारायचे. चार चौकोनांच्या आसपास बहुतेकांची मर्यादा येते. चार म्हणजे फारच थोडे वाटतात. परंतु ही मर्यादा क्षणभर पाहून धरलेल्या गोष्टींची आहे, आयुष्यभर जमवलेल्यांची नव्हे.

पडद्यावरच्या अशा चाचणीत माणूस एका वानराकडून हरला, ही बातमी २००७ साली जगभर गाजली. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या वानर-संशोधन केंद्रात आयुमू नावाचा एक तरुण चिंपांझी होता. पडद्यावर पाच आकडे विखुरलेले दिसत आणि सेकंदाच्या पाचव्या भागाइतक्या वेळात, नेमके सांगायचे तर २१० सहस्रांश सेकंदांत, सर्व आकड्यांवर पांढरे चौकोन येत. मग लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत त्या चौकोनांना क्रमाने स्पर्श करायचा. आयुमू दहापैकी सुमारे आठ वेळा बरोबर येई. विद्यापीठातले विद्यार्थी निम्म्या वेळाही पोहोचेनात. साना इनोऊए आणि तेत्सुरो मात्सुझावा यांचा हा निबंध प्रसिद्ध होताच चिंपांझीची स्मृती माणसाहून श्रेष्ठ, असे मथळे झळकले. नंतर अन्य संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. आयुमूने हा खेळ अनेक महिने खेळला होता, विद्यार्थ्यांनी जवळजवळ नाही. माणसांनाही भरपूर सराव दिला, तेव्हा ती आयुमूच्या बरोबरीला आली.

आजोबांचा आणि नातवाचा, दोघांचाही प्रश्न या गोष्टीत आला आहे. सरावाने गुण वाढतात. प्रश्न एवढाच, की गुणांबरोबर आणखी काय वाढते?

आधी नातवाचे पाहू. या चाचण्यांचेच खेळ करून ‘स्मृती वाढवा’ असे सांगणारी संगणकीय साधने गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ निघाली. स्टॉकहोममधील तॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या प्रारंभीच्या प्रयोगांनी आशा निर्माण केली होती. मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स हुल्म यांनी २०१३ साली तोवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित ताळेबंद मांडला. मुले ज्या खेळाचा सराव करतात त्यात आणि त्याच्यासारख्या खेळांत तरबेज होतात. वाचन, गणित यांसारख्या इतर कामांत त्याचा लाभ पोहोचल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना आढळला नाही. अमेरिकेतील एका प्रसिद्ध कंपनीने, ल्युमोसिटी या खेळांच्या निर्मातीने, आपल्या जाहिरातींतील दाव्यांबद्दलच्या आरोपांवर तेथील व्यापार आयोगाशी जानेवारी २०१६ मध्ये तडजोड केली आणि वीस लाख डॉलर भरले. शाळेतली प्रगती आणि म्हातारपणचे विस्मरण यांविषयीचे तिचे दावे पुराव्याविना आहेत, असा आयोगाचा आक्षेप होता.

आपल्याकडे या बाजारात सर्वांत प्रिय आहे ती अबॅकसची शिकवणी. व्यापारी घरांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच आहे. मण्यांच्या चौकटीवर हिशेब शिकलेले मूल पुढे चौकटीशिवाय, हवेत बोटे हलवून, चार-चार आकडी रकमांची बेरीज सांगते, तेव्हा कोणत्या आजोबांना कौतुक वाटणार नाही? मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर या अमेरिकी संशोधकांनी गुजरातमधील अशा मुलांचा अभ्यास करून २०१२ साली दाखवले की, ही मुले खरोखरच मनात अबॅकसचे चित्र धरतात. त्यांच्या मनातल्या अबॅकसचे तीन-चार स्तंभ एका वेळी टिकतात. वर आलेली चाराची मर्यादा येथेही डोकावते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यानंतरचा बार्नर आणि सहकाऱ्यांचा वडोदऱ्यातील प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पालकांच्या दृष्टीने त्याची मांडणी आदर्श होती. एकाच शाळेतील २०४ मुले घेण्यात आली. काहींना अबॅकस आणि उरलेल्यांना तितकेच तास नेहमीच्या पद्धतीचे जादा गणित, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झाली आणि तीन वर्षे हे चालले. चाचण्यांमध्ये संगणकावरची स्थानस्मृतीची चाचणीही होती. अबॅकस शिकलेली मुले बेरीज-वजाबाकीच्या हिशेबांत पुढे गेली, याबद्दल शंका उरली नाही. त्यांची स्थानस्मृती मात्र दुसऱ्या गटापेक्षा वाढली नाही. आणखी एक गोष्ट निघाली: ज्या मुलांची स्थानस्मृती प्रारंभीच चांगली होती, त्यांनाच अबॅकसचा लाभ अधिक झाला. म्हणजे चाचणीचा येथे खरा उपयोग होता, पण वर्गाच्या माहितीपत्रकात छापतात त्याच्या उलट दिशेने. शिकवणीनंतर आकडा किती वाढला हे दाखवण्यासाठी तो नाही. या मुलाला ही पद्धत मानवेल का, याचा अंदाज बांधण्यासाठी आहे. हिशेब पक्का व्हावा म्हणून अबॅकसला मूल पाठवावे, यात पैसे वाया जात नाहीत. ‘बुद्धी’च्या नावाखाली वर्षाअखेरीस तीच चाचणी पुन्हा घेऊन वाढलेले गुण दाखवणाऱ्याला मात्र विचारावे, की मधल्या काळात मुलाने हीच चाचणी किती वेळा दिली?

आजोबांचा विषय अधिक नाजूक आहे.

विस्मरणाची शंका आल्यास रुग्णालयातील मानसतज्ज्ञ एका चाचणीवर विसंबत नाहीत. चौकोनांच्या क्रमाबरोबर ‘जोड्या शिकण्याची’ चाचणी ते अनेकदा घेतात. केंब्रिज येथे १९८० च्या दशकात ट्रेव्हर रॉबिन्स, बार्बरा सहाकियन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या संगणकीय चाचणीसंचात ती आहे. पडद्यावर कडेने पेट्या मांडलेल्या असतात. त्या एकेक करून उघडतात आणि काहींत वेगवेगळ्या आकृती दिसतात. मग एकेक आकृती मध्यभागी येते आणि ती कोणत्या पेटीत होती हे दाखवायचे. चुकले तर पेट्या पुन्हा उघडून दाखवतात आणि पुन्हा विचारतात. किती वेळा दाखवल्यावर जोड्या पक्क्या बसल्या, हे येथे मोजले जाते. म्हणजे थेट खतावणीच. अल्झायमरच्या प्रारंभीच्या अवस्थेत ही चाचणी लवकर ढासळते, म्हणून तिला मान आहे. ‘वडिलांची चौकोनांची चाचणी चांगली आली’ असे सांगणाऱ्या मुलाने डॉक्टरांना विचारावे, की नवे शिकण्याची चाचणी घेतली आहे का?

आकड्याची तुलना कोणाशी केली, हा पुढचा प्रश्न. या चाचण्यांवर वयाचा आणि शिक्षणाचा परिणाम होतो. परदेशातील, महाविद्यालयात शिकलेल्या लोकांवरून ठरवलेली पातळी सातवीनंतर दुकानात बसलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थांना लावणे अन्यायाचे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली भारतीयांसाठी चाचण्यांचा संच आणि वय, लिंग व शिक्षण यांनुसार त्यांची पातळी प्रसिद्ध केली, ती याच गरजेतून. मोबाइलवरचे साधन मात्र आपली पातळी कोठून आणली हे सहसा सांगत नाही.

दुकानातील माहीतगारी आणि चाचणीतले गुण यांचा मेळ बसेलच असेही नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या आतले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की, या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. त्याच चालकांना नव्या आकृती आणि नव्या जागा शिकण्याच्या काही चाचण्या दिल्या, तेव्हा ते इतरांपेक्षा काहीसे मागेच पडले. चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाला कोणता माल कोठे आहे हे अचूक सांगता येते आणि पडद्यावर चारच्या पुढे जाता येत नाही, यात विसंगती नाही. त्याचप्रमाणे जुने गोदाम तोंडपाठ आहे, एवढ्यावरून नवे काही बिघडलेले नाही असेही ठरत नाही. घरच्यांनी लक्ष ठेवायचे ते बदलावर: नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, एकच रक्कम दोनदा चुकती करणे, ज्यांना आजवर कधी विचारावे लागले नाही त्यांनी मुनिमाला तेच तेच विचारणे.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. ब-१२ या जीवनसत्त्वाचा अभाव विस्मरण, गोंधळ आणि हातापायांना मुंग्या येणे अशा रूपांत प्रकट होऊ शकतो. वनस्पतिजन्य अन्नातून हे जीवनसत्त्व मिळत नाही. शाकाहाऱ्यांना ते दूध-दह्यातून मिळते आणि वृद्धापकाळी आहार कमी झाला, पचन मंदावले की तेही अपुरे पडते. रक्ताची साधी तपासणी आणि उपचार उपलब्ध आहेत. थायरॉइडचा विकार, पत्नीच्या निधनानंतरचे औदासीन्य, झोपेच्या गोळ्या, ऐकू कमी येणे, यांमुळेही माणूस विसराळू दिसतो आणि चाचणीतले गुण घसरतात. हे सर्व पाहिल्याशिवाय पडद्यावरच्या आकड्याला रोगाचे नाव देणे हा वडिलांवर अन्याय होईल. उलट बाजूने, ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून दोन वर्षे काढणे हाही अन्यायच.

आता सहीचा प्रश्न. कुटुंबाच्या भागीदारीत वडिलांची सही चालू असते. मुलांपैकी एकाला ती थांबवावीशी वाटते, दुसऱ्याला तीत डाव दिसतो, आणि चाचणीचा कागद मध्ये येतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमात मनाने सक्षम कोण, हे सांगितले आहे: करार करतेवेळी तो समजून घेण्यास आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करण्यास जो समर्थ आहे तो. कायदा त्या वेळी, त्या व्यवहारापुरते समजण्याविषयी विचारतो. किती चौकोन लक्षात राहिले हे तो विचारत नाही. ज्यांना पाच चौकोन धरता येत नाहीत त्यांना घर विकणे म्हणजे काय, कोणाच्या नावाने काय ठेवायचे आहे, हे उत्तम समजत असू शकते. मृत्युपत्राचेही असेच, ते करतेवेळी मन स्वस्थ असणे पुरेसे आहे, आणि शंकेला जागा राहू नये म्हणून डॉक्टरांनी तपासून दिलेला दाखला व साक्षीदार म्हणून सही जोडण्याची प्रथा चांगली आहे.

पुष्कळ घरांत एक गैरसमज आढळतो. वडिलांनी मुलाला कुलमुखत्यारपत्र करून दिले की पुढची काळजी मिटली, असे मानले जाते. त्याच कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार, ते देणाऱ्याचे मन अस्वस्थ झाले की मुखत्यारीच संपते. ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, नेमक्या त्या दिवशी ते निरुपयोगी होते. म्हणून बँकेतील खाती दोघांच्या नावे व ‘दोघांपैकी कोणीही’ या अटीवर करणे, नामनिर्देशन पाहून घेणे, भागीदारीच्या लेखात एखादा भागीदार असमर्थ झाल्यास काय करावे याचे कलम घालणे आणि मृत्युपत्र करणे, ही कामे वडिलांना सर्व समजत असताना त्यांच्याशी बोलून, त्यांच्या देखत करावीत. विस्मरणाची पहिली शंका आली, की घरात चाचणीआधी हाच विषय निघाला तर बरे. चाचणीनंतर निघाला तर त्याला भांडणाचा वास लागतो.

चाचणी करायचीच झाली तर ती एकदाच करून भागणार नाही. एका दिवसाच्या शिलकेवरून खाते कसे चालले आहे ते कळत नाही. वर्षभराचा उतारा लागतो. साठीनंतर, सर्व ठीक असताना, एकदा मानसतज्ज्ञांकडून चाचणी करून घेऊन तिची प्रत विम्याच्या कागदांबरोबर ठेवली तर पुढे कधी शंका आल्यास तुलनेला आरंभीची शिल्लक हाताशी राहते. प्रतीवर चाचणीचे नाव, कोणत्या यंत्रावर घेतली, सूचना मराठीत होत्या की हिंदीत, चष्मा होता का, त्या काळात कोणती औषधे चालू होती, आदली रात्र झोप झाली होती का, हे लिहून घ्यावे. पुढची तपासणी वर्षभराने, त्याच यंत्रावर आणि शक्यतो सकाळी त्याच सुमारास असावी. आणि मधल्या काळात नातवाच्या मोबाइलवर त्या चौकोनांचा खेळ आजोबांनी खेळू नये.